आधी चहा, मग कॅमेरा

मी बडोदेकर. शिक्षण बी. कॉम., इथल्याच सयाजीराव विद्यापीठाचं. छत्तीस वर्षं बँकेत काढली. सिनेमाशी संबंध एवढाच की तिकीट काढून बघायचा. पण गेल्या वर्षी आमच्या वहिनींवर कॉलेजच्या मुलांनी एक छोटा माहितीपट केला आणि ही विद्या शिकवतात कशी, ते घरबसल्या बघायला मिळालं. तेच आज लिहितो.

आमचा वाडा दांडिया बाजारातला. बिल्डरशी व्यवहार झाला होता, दिवाळीनंतर पाडायचा होता. पुतण्याच्या ओळखीने तीन मुलं आली, दोन मुली आणि एक मुलगा. मराठी कुणालाच येत नव्हतं. सोबत त्यांच्या प्राध्यापिका. आम्ही सगळे त्यांना मॅडमच म्हणायचो.

मुलं चार पानं लिहूनच आली होती. नक्षीचे खांब, झोपाळा, नऊवारीतल्या वहिनी, आणि शेवटी वहिनी वाड्याकडे वळून बघतात, डोळ्यांत पाणी. वहिनींचं वय चौऱ्याऐंशी. त्या म्हणाल्या, "नऊवारी? अहो, मी पंधरा वर्षं गाऊनमध्ये असते." मॅडमनी पानांची घडी करून पर्समध्ये टाकली आणि मुलांना एकच विचारलं, "त्यांना रडू येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग ठरलं, चार शनिवार कॅमेरा आणायचा नाही. यायचं, चहा घ्यायचा, वहिनींना भाजी निवडू लागायची, बसायचं. मला आमचे पहिले मॅनेजर आठवले. कर्जाचा प्रस्ताव आला की ते म्हणायचे, रिपोर्ट नंतर लिही, आधी गोदामात जाऊन पोती मोज. खिशात रिपोर्ट घेऊन इन्स्पेक्शनला जाणारा माणूस काहीच बघत नाही.

मुलांची कुरकुर सुरू झाली. सेमिस्टर संपत आली, मार्क कधी मिळणार? तेव्हा मॅडमनी ओट्यावर बसून त्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. फाळके 1890 साली आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकत होते. ते कलाभवन म्हणजे आज याच विद्यापीठाचं इंजिनिअरिंग. पुढे 1912 मध्ये, 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त दिवस थोडं थोडं चित्रण करून रोप वाढताना दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "रोप ओढून लवकर वाढत नाही. माणूसही नाही."

पाचव्या शनिवारी शूटिंग. आवाज नको म्हणून पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून मुलाने स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवली. चावीशिवाय घरी जाणार कसा! मुलाखत झाल्यावर एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा, हेही कळलं. जोडकामात तो लागतो म्हणे. मॅडम मात्र बाहेर ओट्यावर. का, विचारलं तर म्हणाल्या, "मी आत असले तर मुलं वहिनींकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघतील."

मुलीने विचारलं, वाडा सोडताना काय वाटतं? वहिनी गप्प. मुलगी पुढचा प्रश्न विचारणार होती, पण थांबली. बराच वेळ गेला. मग वहिनी बोलल्या, "एकसष्ट साली लग्न होऊन आले. माडीवर पाणी चढवलं. संडास अंगणापलीकडे, रात्री कंदील घेऊन जायचं. खांब चांगले आहेत, पण पुसले मी. नव्या घरी लिफ्ट आहे, बारीतून ऊन येतं. सुटले एकदाची."

दाराशी उभा असलेला पुतण्या नुसता बघत राहिला.

मराठी येणारा म्हणून सगळं उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. सव्वाचार तासांचं बोलणं, 61 फुलस्केप पानं. प्रत्येक वाक्यापुढे मिनिट आणि सेकंद. खतावणीच म्हणा ना! 'सुटले' या एका शब्दावर एक अख्खी संध्याकाळ गेली. गुजरातीत 'छूटी' चालेल का? त्यात दमणूक येते का? आपण तर माणूस गेल्यावरही 'सुटला' म्हणतो. मॅडमनी मलाच तीनदा विचारलं, मुलांना वहीत लिहायला लावलं.

पुतण्या म्हणाला, ते वाक्य काढा, लोक काय म्हणतील, आम्ही काय छळलं का काकूला? मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "बोलणं त्यांचं आहे. ठेवायचं की नाही ते त्या सांगतील." कच्चं जोडकाम आधी एकट्या वहिनींना दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "राहू दे. पण माडीवर नळ ह्यांनीच आणला होता, सोसायटीचं कर्ज काढून. ते मी सांगितलं होतं. कुठे गेलं?"

माझ्या पानांत ते होतं. फिल्ममध्ये नव्हतं. मॅडमनी मुलीला विचारलं, का काढलं? ती म्हणाली, "त्याने वहिनींचं दुःख कमी वाटतं, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच ते ठेवायचं." आधी मुलांना रडणारी आजी हवी होती, मग त्यांना सोसलेली बाई हवी झाली. वहिनी दोन्हीत मावत नव्हत्या. मला वाटतं, शिकवणं म्हणतात ते हेच. कॅमेरा कुणीही शिकवेल. नळाचं वाक्य परत गेलं. फिल्म 14 मिनिटांची झाली.

वाडा फेब्रुवारीत पाडला. वहिनी चौथ्या मजल्यावर उन्हात बसून पेपर वाचतात.

मंडळी, बडोदं असो, इंदूर असो की बेळगाव, अशी मुलं तुमच्या दाराशी आली तर "वेळ नाही" म्हणू नका. त्यांना आपली जुनी मराठी उतरवून देणारं, शब्दाचा अर्थ सांगणारं माणूस हवं असतं. आपण निवृत्त आहोत, वेळच वेळ आहे. आणि मुलाखतीला घरातलं म्हातारं माणूस बसलं की त्याच्या वतीने आपण बोलू नका. त्याला काय म्हणायचंय ते आपल्यालाही कदाचित पहिल्यांदाच ऐकायला मिळेल.