नादियाचा घोडा

मध्यमवर्गीय माणसाचं धाडस हे बँकेतल्या किमान शिलकेसारखं असतं. खात्यात आहे असं पासबुक सांगतं, पण काढता मात्र येत नाही. आमचंच उदाहरण घ्या. अस्मादिक गेली २२ वर्षं एका बँकेत कारकून आहेत. (हल्ली या पदाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. नावाची लांबी वाढली, टेबलाची तेवढीच राहिली.) प्रमोशन घेतलं की बदली होते, म्हणून प्रमोशन घेतलं नाही. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्यांचा कुत्रा असला तर जिन्याने जातो आणि ‘व्यायाम हो, व्यायाम!’ असं सांगतो. अशा माणसाने आपल्या घरात ‘फिअरलेस नादिया’चा चित्रपट महोत्सव भरवावा, हे म्हणजे मधुमेह्याने मिठाईचं दुकान काढण्यापैकी झालं.

पण महोत्सवाला कारण घडलं. आमची आत्या बाथरूममध्ये पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. वय ८४. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, “आता यांना चालवा.” आत्या म्हणाली, “आता मला फक्त चौघांनी न्यायचं.” व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्या वॉकर पुढे करीत, आत्या कूस बदली. अशा रुग्णाचं काय होतं ते डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन, हळू आवाजात सांगितलं होतं. घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं, पण सगळे एकमेकांशी जरा जास्तच गोड वागत होते. यावरून काय ते समजा.

एके दिवशी पेपर वाचताना मी सहज नादियाचं नाव घेतलं. आत्या एकदम म्हणाली, “नादियाचा घोडा मी होते.”

भूल अजून उतरली नाही की काय, असं मला वाटलं. मग उलगडा झाला. गिरगावातल्या चाळीत माझे वडील, म्हणजे तिचे दादा, ग्रँट रोडला जाऊन नादियाचे सिनेमे बघून येत. मुलींनी मारामारीचे सिनेमे बघायचे नाहीत, असा घरात दंडक. मग दादा गॅलरीत टॉवेलचा बुरखा बांधून, मच्छरदाणीच्या दोरीचा हंटर करून अख्खा सिनेमा सादर करीत. त्यात हंटरवाली ते स्वतः. घोडा आत्या.

“किती वर्षं?” मी विचारलं.

“दादाची मॅट्रिक होईपर्यंत. सिनेमा एक नाही बघितला रे. नुसती पाठ वाकवली.”

त्या रात्री आमच्या सौभाग्यवतींनी योजना आखली. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, म्हणजे बँकेला सुट्टी असते तेव्हा, नादियाचा एकेक सिनेमा लावायचा. चिरंजीव इंटरनेटवर शोधून देणार. मी म्हटलं, “टीव्ही आत्याच्या खोलीत नेऊ.” त्यावर सौ. माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, “अहो, टीव्ही हॉलमध्येच राहील.” पलंगापासून हॉलमधल्या खुर्चीपर्यंत अकरा पावलं. मी मोजली नव्हती. तिने मोजली होती.

आता थोडं नादियाविषयी. महोत्सव म्हटला की माहितीपत्रक आलंच.

मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८, गाव ऑस्ट्रेलियातलं पर्थ. वडील ब्रिटिश सैन्यात, म्हणून मूल हिंदुस्थानात आलं. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. मेरी पेशावरकडे घोड्यावर बसायला शिकली. मुंबईत दुकानात विक्रेती झाली, सर्कशीत गेली, नाचली. आणि मधल्या काळात तिच्या मनात शॉर्टहँड-टायपिंग शिकून बरी नोकरी धरायची होती! हे वाचून मी दोन मिनिटं डोळे मिटून बसलो. म्हणजे ही बाई थोडक्यात आमच्यात आली असती. स्टूलावर उभी राहून वरच्या फडताळातली जुनी लेजरं काढताना ‘बाई, जपून’ असं आम्ही तिला म्हटलं असतं.

सुदैवाने ती परळला वाडिया मूव्हीटोनमध्ये गेली. जे. बी. एच. वाडियांनी तिला वेणीबिणी घालून नंदादेवी करायचा घाट घातला. तिने साफ नाकारलं. नादिया हे वाडियाशी छान जुळतं, असा तिचा मुद्दा होता. यमकावर नोकरी मिळवणारी ती एकटीच असावी. १९३५ साली होमी वाडियांनी दिग्दर्शित केलेला ‘हंटरवाली’ आला आणि गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या, मोडकंतोडकं हिंदी बोलणाऱ्या या बाईने ताबेदारीतल्या हिंदुस्थानासाठी दुष्ट प्रधानाला बडवून काढलं. पब्लिकने ती गोरी आहे याकडे काणाडोळा केला. बडवणाऱ्याचा रंग बघायचा नसतो, हात बघायचा असतो.

याच वाडिया मूव्हीटोनच्या जागेत १९४२ साली शांतारामबापूंचं राजकमल कलामंदिर सुरू झालं. “म्हणजे बापूंच्या आधी तिथे ही उड्या मारत होती?” आत्या म्हणाली. मी ‘हो’ म्हटलं. आत्याला परळविषयी एकदम आदर वाटू लागला.

‘हंटरवाली’ची धड प्रत आम्हाला मिळाली नाही. म्हणून उद्‌घाटन ‘मिस फ्रंटिअर मेल’ने, सन १९३६. पहिल्या शनिवारी अकरा पावलांना पंचवीस मिनिटं लागली. दोन्ही बाजूंना आम्ही, मागे व्यायामवाल्या बाई, पुढे चिरंजीव रिमोट घेऊन. लग्नाची वरात बरी. आत्या दर पावलाला आमच्या घराण्याचा उद्धार करीत होती. पण खुर्चीत टेकली आणि पडद्यावर नादिया धावत्या गाडीच्या टपावर गुंडांशी मारामारी करू लागली, तशी गप्प झाली. यातला खलनायक रेल्वेचा पूल उडवायला निघतो. कशासाठी, तर विमान कंपनीचा धंदा चालावा म्हणून! कॉमर्स कॉलेजात स्पर्धेवरचं प्रकरण मला दोन वर्षांत समजलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी समजलं.

दुसरा ‘डायमंड क्वीन’, १९४०. यात नायिका मुंबईला राहून गावी परतते आणि गुंडांना झोडपता झोडपता बायकांनी शिकावं, स्वतंत्र व्हावं असंही सांगते. भाषण आणि मारामारी एकाच बाईने करायची हा किती काटकसरीचा मार्ग! आमच्या युनियनमध्ये या दोन्हींसाठी वेगवेगळी माणसं लागतात. आणि याच सिनेमात घोडा आला. ‘पंजाब का बेटा’ हे त्याचं नाव, इतर नटांसारखं मानाने छापलेलं.

आत्या पुढे झुकली. “हा मी,” ती म्हणाली.

घोड्याचं प्रत्येक दृश्य तिने दोनदा लावायला सांगितलं. नादियाकडे तिचं लक्षच नव्हतं. “बघ, कशी टाच मारत्येय मेली! दादाही अशीच मारायचा,” असं म्हणत ती तोंडाला पदर लावून हसत होती. डोळे कधी पुसले ते मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण सांगायचं नाही असं आमच्याकडे ठरलेलं असतं.

तिसरा ‘जंगल प्रिन्सेस’, १९४२. यात सिंह आहेत. खरे. नादिया आपली साहसं स्वतःच करायची, हे कळल्यावर आत्याने व्यायामवाल्या बाईंना विचारलं, “ही कधी पडली नसेल का हो?”

“पडली असेलच की,” बाई म्हणाल्या. “पण तेवढं रीळ कापून टाकत असतील.”

या उत्तराने आत्याचं का समाधान झालं ते देव जाणे. पण त्या रात्री ती खोलीत परत गेली ती वॉकरने, आमच्यापैकी कुणाचाही हात न धरता. सात मिनिटांत.

मध्येच एकदा लग्नाची चर्चा झाली. होमी वाडिया आणि नादिया १९३५ पासून एकत्र काम करीत होते, लग्न केलं १९६१ मध्ये. वधूचं वय ५३. सव्वीस वर्षं प्रलंबित राहिलेलं प्रकरण आमच्या बँकेतही मी बघितलेलं नाही. सौ. म्हणाली, “काय धीर हो बाईचा!” आत्या म्हणाली, “सिंहाला भ्यायली नाही ती. होमीला कशाला भिते?” आत्याने स्वतः लग्न केलं नाही. त्यामागचं कारण आम्ही कधी विचारलं नाही, कारण ती काय सांगेल याची आम्हाला धास्ती आहे.

समारोपाला ‘खिलाडी’, सन १९६८. नादिया त्या वेळी साठीची, आणि सिनेमात चक्क हेर! आमच्या बँकेत साठाव्या वर्षी नारळ आणि शाल देतात. नादिया ९ जानेवारी १९९६ रोजी, ८८वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली, हे मी आत्याला सांगितलं. तिने बोटांवर हिशेब केला. “अजून चार आहेत म्हणजे,” ती म्हणाली. आवाजात हक्काची रजा शिल्लक असल्याचा भाव होता.

महोत्सव संपला, पण आत्या रोज हॉलमध्ये येऊ लागली आणि रिमोट माझ्या हातून कायमचा गेला. परवा तिने वॉकर भिंतीला लावून ठेवला. सौ.ने माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो. आत्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, चांगला वजन टाकून, आणि म्हणाली, “चल, गॅलरीपर्यंत. मी पुष्कळ वर्षं घोडा झाले. आता तू हो.”

२२ वर्षांच्या नोकरीत हे मला मिळालेलं पहिलं प्रमोशन. आणि बदली अजिबात नाही.