जाहिरातीत न मावलेली जीप

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन मासिकांत विलिस-ओव्हरलँड कंपनीच्या पानभर रंगीत जाहिराती येत. त्यांतली कितीतरी चित्रं जेम्स सेशन्स या चित्रकाराची. जलरंगातला त्याचा हात इतका मोकळा, की चिखलातून उसळून वर येणाऱ्या जीपचे शिंतोडे आपल्या अंगावर येतील असं वाटतं. त्यातलं एक पान मला मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात मिळालं. माझ्या संग्रहातलं सगळ्यांत देखणं पान तेच.

देखणं आहे, पण खरं बोलणारं नाही. जीपची कल्पना विलिसची, असं या जाहिराती वाचकाच्या मनावर ठसवत होत्या. प्रत्यक्षात पहिली गाडी बनवली पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या लहानशा कंपनीने. आराखडा कार्ल प्रोब्स्टचा. २३ सप्टेंबर १९४० रोजी ती गाडी सैन्याच्या ताब्यात गेली. पण लष्कराला लाखांनी गाड्या हव्या होत्या आणि बँटमचा कारखाना तेवढा मोठा नव्हता. मोठी कंत्राटं विलिसला आणि फोर्डला गेली. दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बांधल्या. या जाहिरातींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९४३ मध्ये हरकत घेतली आणि १९४८ मध्ये निकाल बँटमच्या बाजूने दिला. तोवर लोकांच्या तोंडी विलिसचं नाव बसलं होतं. म्हणून माझ्या फायलीत सेशन्सच्या चित्राशेजारी बँटमच्या त्या पहिल्या गाडीचा फोटो लावलेला आहे. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय मी कुणाला पान उलटू देत नाही.

जीपची ही ओढ माझ्यात आली अण्णांकडून. माझे वडील पाटण तालुक्यात पंचायत समितीच्या जीपवर ड्रायव्हर होते. गाडी महिंद्राची, पण मॉडेल मूळ विलिसचं, उंच बॉनेटचं. ते बॉनेट उंच का, याचं कारण मला फार पुढे एका जुन्या पुस्तिकेत सापडलं. १९५३ मध्ये विलिसने या मॉडेलला जे नवं इंजिन दिलं, त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये होते. इंजिन उंच झालं, मग बॉनेटही उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं. आपल्याकडे त्याची वंशावळ पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. गाडीच्या फरशीवर तीन दांडे होते: एक गिअरचा, एक पुढची चाकं जोडायचा आणि एक लो गिअरचा. पावसाळ्यात घाटाखालच्या वाड्यांकडे जाताना अण्णा न बघता त्यातला नेमका दांडा धरत. बॅटरी बसली की हँडल मारत, आणि आम्हाला लांब उभं करत, कारण हँडल उलटलं तर मनगट मोडतं.

त्या जीपमधून लशीचे डबे जायचे, बियाण्याच्या पिशव्या जायच्या, निवडणुकीत मतपेट्या जायच्या. अडलेली बाळंतीण असली तर साहेब स्वतः खाली उतरून मागे बसायचे. हे सगळं कुठल्या जाहिरातीत दिसत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. जाहिरात म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

गाडीचं निर्लेखन झालं आणि ती लिलावात गेली. तिच्यातली माहितीपुस्तिका भंगारात जाणार होती, ती अण्णांनी साहेबांना विचारून घरी आणली. ग्रीस लावायच्या जागा दाखवणाऱ्या पानावर काळ्या बोटांचे ठसे आहेत, त्यातले बरेचसे अण्णांचेच. माझा संग्रह त्या पुस्तिकेपासून सुरू झाला.

पुढे नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर जुना बाजार सापडला, मुंबईला गेलो की चोर बाजार. बिल्ले, चाव्या, पत्र्याच्या पाट्या, कंपनीची माहितीपत्रकं, मासिकांतली पानं. पत्र्याच्या पाट्यांत नकली माल फार. कारखान्यात मुद्दाम गंजवलेला पत्रा गुळगुळीत आणि सारखा गंजलेला असतो. खऱ्या इनॅमलच्या पाटीवर रंगांचे थर बोटाला लागतात, आणि टवका उडतो तो बहुधा खिळ्याच्या भोकाशी. जाहिरातीचं पान असेल तर मी आधी मागची बाजू बघतो. खऱ्या पानामागे एखाद्या कथेचा मधलाच तुकडा असतो, नाहीतर साबणाची जाहिरात. मागे कोरं असेल तर ते पान मासिकातून निघालेलं असण्याची शक्यता फार कमी.

युद्ध संपल्यावरच्या जाहिराती मला त्यातल्या त्यात अधिक जवळच्या. १९४५ मध्ये नागरी जीप बाजारात आली, आणि सैनिकाच्या जागी शेतकरी आला. जीप नांगर ओढते आहे, करवत चालवते आहे, कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे पाडते आहे. युद्धासाठी जन्मलेल्या यंत्राला दुसरं काम शोधून देण्याची ती धडपड होती, आणि ती मला मनापासून आवडते. याच काळात इकडे महिंद्रा अँड मोहम्मद या भागीदारीतून महिंद्रा अँड महिंद्रा उभी राहत होती. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. मुंबईत माझगावला विलिसच्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली, आणि अमेरिकन शेतासाठी रंगवलेली ती गाडी आमच्या डोंगरात येऊन पोचली.

जुन्या जीप दुरुस्त करणारी मंडळी माझ्याकडे येतात, ती कागदासाठीच. गाडीचे पत्रे बदलतात, इंजिनं बदलतात, रंगावर रंग चढतो. मूळ जाळी कशी होती, स्टेपनी कुठल्या बाजूला होती, हे अखेर छापील चित्रावरून ठरवावं लागतं. युद्धातल्या फोर्डच्या जाळीला नऊ फटी आणि नागरी जीपला सात, हे सांगितल्यावर एकेकाचा चेहरा असा उजळतो की दिवस सार्थकी लागतो.

पण माझ्या दृष्टीने आता सर्वांत मोलाची वस्तू जाहिरात नाही. ती आहे एका सरकारी जीपचं लॉगबुक. एका भंगारवाल्याने ते वजनावर दिलं. तारीख, कुठून, कुठे, किलोमीटर, कामाचं कारण, सही. एका पानावर ‘लसीकरण’, खाली ‘पूरपाहणी’, त्याखाली ‘पेशंट, सिव्हिल’. एक-दोन शब्दांच्या त्या नोंदी वाचताना रस्ता, पाऊस, माणसं सगळं उभं राहतं. सेशन्सच्या ब्रशलाही हे साधलं नसतं, आणि मी त्याचा चाहता आहे.

म्हणून सध्या मी वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी जीपच्या, कागदांच्या मागे आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या ज्या वाड्यांपर्यंत एसटी क्वचितच पोचायची, तिथली पोरं कॉलेजला गेली, म्हाताऱ्या बाजाराला गेल्या, त्या मागे-पुढे माणसं लटकलेल्या जीपमधून. एकाही कंपनीने हे चित्र माहितीपत्रकावर छापलेलं माझ्या पाहण्यात नाही. नियमात ते बसत नव्हतं, तसं ते छापता येणारही नव्हतं. पण स्टँडवर नंबर लावायच्या वह्या होत्या, भाड्याचे हाताने लिहिलेले तक्ते होते, काचेवर गावांची नावं रंगवणारे पेंटर होते. कराडच्या एका जुन्या वडापवाल्याने नंबरची एक वही माळ्यावरून काढून देतो म्हटलंय. त्यांना म्हटलं, कसर लागलेली असली तरी चालेल, पानं झटकू मात्र नका, मी येऊन स्वतः सोडवून घेतो.