सोनेरी पत्र्यावरील इतिहास

रायगडावर 1674 मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढच्याच वर्षी औरंगजेबाच्या आज्ञेने दिल्लीत शिखांचे नववे गुरू तेगबहादुर यांचा शिरच्छेद झाला, हे सान्निध्य लक्षात घेतले तर महाड-पोलादपूरच्या वाचकाला शीख इतिहास परका वाटण्याचे कारण उरत नाही. गुरूंचे पुत्र गोविंदसिंग यांचे 1708 मध्ये नांदेड येथे देहावसान झाले, आणि त्यांच्या अंत्यसंस्काराच्या जागी महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात सचखंड हुजूर साहिब उभारले. त्याच्या गाभाऱ्याच्या, म्हणजे अंगीठा साहिबच्या, भिंती सोनेरी पत्र्यांनी मढवलेल्या आहेत. रणजितसिंगांच्याच आश्रयाने अमृतसरच्या हरिमंदिरावर जे मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे चढले, त्यांवर उठावकामात, म्हणजे पत्रा मागील बाजूने ठोकून पुढे आकृती उमटवण्याच्या पद्धतीने, बाला व मर्दाना या सोबत्यांसह गुरू नानक आणि अश्वारूढ गुरू गोविंदसिंग साकारले आहेत. मूर्तिपूजा न मानणाऱ्या पंथात या आकृती पूजेसाठी नसून स्मरणासाठी आहेत, आणि तांबटाच्या हातोडीला इतिहासकथनाचा असा मान अन्यत्र क्वचितच मिळाला असेल. पोलादपूरला शिवभारतकार कवींद्र परमानंदांच्या समाधीपुढे नतमस्तक होणाऱ्याने एकदा नांदेडलाही जावे आणि माथा टेकल्यावर त्या भिंतींचे काम सावकाश पाहावे.