सांभाळलेल्या वजनाची भूक

वजन उतरवलेल्या माणसाचं कौतुक फार तर वर्षभर टिकतं. कपडे सैल झाले, साखर आटोक्यात आली, डॉक्टरांनी पाठ थोपटली, नातेवाइकांनी ‘कसं जमवलं?’ म्हणून विचारून घेतलं, की बाकीच्यांच्या लेखी विषय संपतो. त्या माणसाच्या लेखी मात्र तो तिथेच सुरू होतो. जेवून तास-दीड तास होत नाही तोच पोटात खड्डा पडतो, काम करता करता मन डब्याकडे धावतं, रात्री आडवं झाल्यावर फ्रीजमध्ये काय काय ठेवलंय याची उजळणी होते. वजन योग्य, तपासण्या ठीक आणि भूक अखंड. ही तक्रार मांडायची सोय आपल्याकडे नाही, कारण ऐकणारा ती हावरेपणाच्या खात्यात टाकून मोकळा होतो. मला म्हणायचं आहे ते असं: ही भूक स्वभावातून येत नाही, शरीरातून येते. ती बहुतेकांच्या बाबतीत लवकर जाणार नसते. म्हणून तिला नमवण्याचे बेत सोडून तिला रोज नीट जेवू घालण्याची व्यवस्था लावणं, हाच वजन राखण्याचा टिकाऊ मार्ग आहे.

याचा सर्वांत सविस्तर पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे. १९४४च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात, फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांमध्ये, अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. या तरुणांनी शस्त्र हाती धरायला तत्त्व म्हणून नकार दिला होता. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुढे कसं सावरायचं हे कळावं, म्हणून ते आपणहून आले होते. सहा महिने त्यांना बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असं मोजकं अन्न मिळालं, दिवसाला साधारण १,५७० कॅलरी, आणि आठवड्याला २२ मैल चालणं सक्तीचं. आज याच्या आसपासचा, कधी याहून कमी आकडा ‘डाएट’ म्हणून सर्रास कागदावर लिहून दिला जातो. त्यांची वजनं सुमारे चतुर्थांशाने उतरली, पण त्या नोंदी वाचताना थांबायला होतं ते त्यांच्या वागण्यापाशी. ही शिकलेली, समंजस मुलं ताटं चाटून लख्ख करू लागली. पानातलं अन्न पाणी घालून वाढवू लागली, एकेक घास लांबवू लागली. ज्यांनी आधी कधी स्वयंपाकघरात डोकावलं नव्हतं, ते पाककृतींची पुस्तकं जमवून तासन्‌तास वाचत बसले. कॉफी आणि च्युइंगमचं प्रमाण इतकं वाढलं, की त्यावर मर्यादा घालावी लागली. मनाने खंबीर म्हणून पारखून निवडलेली ही माणसं होती. त्याहून महत्त्वाचं पुढचं आहे. भरपूर अन्न पुन्हा मिळू लागलं तरी त्यांची भूक शमेना. पोटाला तडस लागेपर्यंत जेवूनही खायची इच्छा शिल्लक राहायची, आणि कित्येकांच्या बाबतीत ती महिनोन्‌महिने शिल्लक राहिली.

ती उपासमार होती, लठ्ठ माणसाने वजन उतरवणं वेगळं, असं कुणी म्हणेल. वेगळं आहेच, पण शरीराला तो फरक फारसा कळत नाही. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५० वजनदार माणसांनी दहा आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी १३ किलोंहून अधिक वजन उतरवलं. चरबी भरपूर असल्याची वर्दी मेंदूला देणारं लेप्टिन कमी झालं आणि भूक चेतवणारं ग्रेलिन वाढलं. वर्ष उलटून गेलं, थोडं वजन परत चढलंही, तरी ही संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती आणि भूकही सुरुवातीपेक्षा जास्तच होती. अमेरिकेतल्या केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर याचा हिशेबच मांडला: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराची खाण्याची ओढ दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवणाऱ्याच्या मागे हजार कॅलरींची ओढ लागते, म्हणजे जवळजवळ दोन जेवणांची. गावाबाहेर दुष्काळ आहे अशा समजुतीने रात्रंदिवस हाका देत फिरणाऱ्या जागल्यासारखी ही भूक आहे. दुष्काळ सरला हे त्याला कुणी कळवलेलं नाही. केंब्रिजमधल्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात अशी मुलं पाहिली, ज्यांच्या शरीरात जन्मतःच लेप्टिन बनत नव्हतं. ती सतत खायला मागत आणि त्यांचं वजन भयंकर वाढलेलं होतं. त्यांतल्या एका मुलाला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर भूक ओसरली आणि वजन उतरू लागलं. ना त्या मुलाला कुणी संयम शिकवला, ना उपदेश केला. रक्तातला एक पदार्थ बदलला, एवढंच.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप असतो तो आजी-आजोबांच्या नावाने. त्यांनाही भूक लागत होती, तेही पोटभर जेवत होते, मग त्यांची वजनं कशी राहिली? आत्ताच्या माणसांत मनोनिग्रह उरला नाही, हेच खरं कारण नाही का? मला हे उत्तर अन्यायाचं वाटतं. पन्नास वर्षांत अख्ख्या समाजाचा मनोनिग्रह आटला हे मानण्यापेक्षा भोवतालचं अन्न आणि दिवसाची घडी बदलली, हे मानायला पुरावा जास्त आहे. १९५६ साली ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतल्या २१३ पुरुषांच्या खाण्याची आणि वजनाची नोंद घेतली. कष्टाची कामं करणारे जास्त खात आणि सडपातळ असत, हे अपेक्षितच होतं. पण हलकं काम करणाऱ्यांपेक्षा दिवसभर गल्ल्यावर बसणारे दुकानदार आणि बैठं काम करणारे कारकून जास्त खात होते आणि वजनदार होते. एका वेळच्या पाहणीवरून कारण छातीठोकपणे सांगता येत नाही हे खरं, तरी शरीर थोडं हलतं असेल तर भूक गरजेच्या मापात राहते आणि अगदी बैठं झालं की ते माप बिघडतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. दुसरा पुरावा २०१९चा, पुन्हा केविन हॉल यांचाच. वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. समोर मांडलेल्या ताटांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखे ठेवले होते आणि हवं तेवढं खायची मोकळीक होती. कारखान्यातलं अन्न मिळत होतं तेव्हा तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि जास्त वेगाने खात होती. त्या दोन आठवड्यांत त्यांचा निग्रह काही बदललेला नव्हता. म्हणून आजोबांचं उदाहरण द्यायचं तर त्यांचं चालणं आणि त्यांच्या पानातली भाकरी यांच्यासकट द्यावं.

भूक राहणारच असेल, तर तिला काय द्यायचं हा प्रश्न उरतो, आणि इथे बोलण्यासारखं पुष्कळ आहे. संध्याकाळी पाचची वेळ घ्या. दुपारचा डबा जिरलेला, रात्रीचं जेवण लांब, चहाबरोबर कुणीतरी शेवेचा पुडा फोडतं. पन्नास ग्रॅम शेव म्हणजे हातात मावतील अशा दोन-तीन मुठी, आणि त्यात पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी. दोन मिनिटांत संपते, जीभ खवळते, पोट होतं तिथेच. तेवढ्याच कॅलरींची काकडी खायची तर पावणेदोन किलोंहून जास्त लागेल. काकडीवर जगा असं मला सुचवायचं नाही. पोटाला वजन आणि आकार कळतो, कॅलरी फारशा कळत नाहीत, एवढंच या तुलनेतून दाखवायचं आहे. पेनसिल्व्हेनियातल्या बार्बरा रोल्स यांनी हे सुंदर रीतीने तपासलं. काही स्त्रियांना जेवणाआधी एकदा भात-कोंबडी-भाज्यांचा पदार्थ दिला, एकदा तोच पदार्थ आणि सोबत ग्लासभर पाणी, आणि एकदा तेच पाणी आत घालून केलेलं सूप. सोबत प्यालेल्या पाण्याने काही फरक पडला नाही. सूप घेतल्यावर मात्र पुढचं जेवण चांगलंच कमी गेलं. आपल्याकडचं मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, शेवग्याच्या शेंगांची पातळ आमटी यांची जागा जेवणाच्या सुरुवातीला असायला हवी, ती यासाठी. सिडनीत १९९५ साली सुझाना होल्ट यांनी समान कॅलरींचे ३८ पदार्थ लोकांना खायला घालून कशाने पोट किती वेळ भरलेलं वाटतं हे मोजलं. पहिला नंबर आला उकडलेल्या बटाट्याचा, पांढऱ्या पावाच्या तिपटीहून अधिक. वजनाच्या भीतीने ज्याला आधी हद्दपार करतात तोच! तळला की त्याचा हा गुण बराच जातो, हेही त्याच यादीत दिसतं.

प्रथिनांची गोष्ट अशीच आहे. आपल्या रोजच्या जेवणात ती कमी पडतात: सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी आणि बटाट्याची भाजी, रात्री पातळ वरण आणि भात. पोट भरतं, पण ते भरलेपण टिकत नाही. कोरड्या मटकीत शंभर ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात. तिची मोड आणून केलेली वाटीभर दाट उसळ चावायला वेळ घेते आणि पोटात बराच काळ राहते. पाच वाजता शेवेच्या जागी ती आली, किंवा भाजलेले चणे, उकडलेलं अंडं, जाड ताक आलं, तर भूक नाहीशी होणार नाही. रात्रीच्या पानापर्यंत थांबण्याइतकी मवाळ होईल. यात खर्च फार नाही, आदल्या दिवशीची तयारी मात्र लागते, आणि ती तयारी घरातल्या एकाच बाईच्या डोक्यावर पडणार असेल तर ही व्यवस्था महिनाभरही चालणार नाही. झोपेचंही असंच. शिकागोत बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर त्यांचं ग्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. रात्रपाळी करणाऱ्याला जास्त भूक लागते ती उगाच नाही.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की वाद जातो तो दिवसातून किती वेळा खायचं याकडे. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खा म्हणतात, आणि दोघांच्या सल्ल्याने बरं वाटलेली माणसं घरोघरी आहेत. एकूण अन्न सारखं ठेवून तुलना केली की जेवणांच्या संख्येने वजनात विशेष फरक पडत नाही, असं बहुतेक प्रयोगांत दिसतं. ग्रेलिन मात्र ठरलेल्या जेवणाच्या वेळेआधी वाढतं आणि जेवल्यावर उतरतं. म्हणून दोन वेळा असोत की पाच, त्या रोज त्याच असल्या तर भुकेलाही वळण लागतं. इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवण वगळायचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो मला टाळायचा नाही. ज्या देशात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या जवळजवळ १९ टक्के स्त्रिया कृश आढळल्या, तिथे पोटभर जेवणाऱ्यांच्या भुकेची कैफियत कशाला? पण त्याच पाहणीत २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या निघाल्या, आणि या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांमध्ये जन्मणारी बाळं तपासून दाखवलं, की ती वजनाने लहान असली तरी त्यांच्या अंगात त्या मानाने चरबी जास्त असते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी आयांनी दिलेला हा वारसा आहे. ‘एवढी भूक लागते तर चढू दे चार-सहा किलो’ हा प्रेमळ सल्ला आपल्या लोकांना म्हणूनच महागात पडतो, कारण आपल्याकडे मधुमेह बारीक दिसणाऱ्या अंगातही शिरतो. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. मुळातच अवास्तव कमी वजनाचा हट्ट धरून कुणी स्वतःला उपाशी ठेवत असेल, तर त्याची भूक खरं तेच सांगत असते आणि तिचं ऐकायला हवं.

आता औषधं आली आहेत. सेमाग्लुटाइडच्या २०२१च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, आणि २०२५पासून वजनासाठीची अशी इंजेक्शनं भारतातही मिळू लागली आहेत. ती घेणारे लोक सांगतात की डोक्यात सतत चाललेला खाण्याचा गलका थांबला. एका संप्रेरकाची नक्कल टोचल्याने जो गलका थांबतो, त्याला इतकी वर्षं आपण चारित्र्याचा दोष म्हणत आलो. पण औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, म्हणजे भूक तेवढ्यापुरती दबली होती. ज्यांना गरज आहे त्यांनी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावीत, त्यात कमीपणा नाही. मात्र पानातली व्यवस्था त्यांनाही लावावीच लागेल.

वजन राखणारा माणूस दवाखान्यात गेला की काट्यावर उभा राहतो, रक्तदाब तपासला जातो, साखरेचा अहवाल पाहिला जातो. भूक किती लागते, कोणत्या वेळी लागते, झोप किती होते, हे क्वचितच कुणी विचारतं. विचारायला हवं, कारण अचानक वाढलेली भूक मधुमेहाची किंवा थायरॉइड जास्त चालत असल्याची खूण असू शकते, स्टेरॉइड आणि काही मानसोपचाराच्या औषधांनीही ती वाढते. यांतलं काही नसेल, तर ‘ही भूक वजन उतरल्याने लागते, ती काही वर्षं राहील, तुमचं काही चुकत नाहीये’ हे रुग्णाला त्याच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळावं. ते ऐकलं असतं तर दोन महिन्यांनी एकदा पानावरचा ताबा सुटल्यावर ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणून ज्यांनी सगळंच सोडून दिलं, त्यांतले कितीतरी जण दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरल्या वेळी जेवायला बसले असते.