उन्हाची मुदत ठेव

आमच्या माधवनगरच्या उन्हाला कमी लेखू नये; पण चंदीगडला मे महिन्यात ते राजस्थानच्या वाळवंटाचा वशिला लावून येते. तिथल्या उच्च न्यायालयाला (१९५५) ल कॉर्बुझिए या फ्रेंच गृहस्थांनी छत्रीसारखे दुहेरी छप्पर दिले, मधून वारा खेळावा म्हणून. काचांपुढे काँक्रीटच्या खोल चौकटी बसवल्या, ऊन बाहेरच अडावे म्हणून. आमच्या बँकेत कॅश काउंटरची काच हेच काम करते. फक्त अडते ते गिऱ्हाईक!

पण काँक्रीट आमच्याच पेशातले निघाले. दिवसभर ऊन ठेव म्हणून घ्यायचे आणि दिवस मावळला की व्याजासकट परत करायचे. कचेरीला हे परवडते. संध्याकाळी तिथे कुलूप असते. पुढे मात्र ही फॅशन घराघरांत आली. गावोगाव कौले उतरली, स्लॅब चढले. दुहेरी छप्पर आणि चौकटी तेवढ्या अंदाजपत्रकात बसल्या नाहीत. आता ठेवीची मुदत भरते ती रात्री दहाला, नेमकी आपण अंथरुणावर पडल्यावर.

शेजारचे अण्णा संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओततात. ठेव मुदतीआधी मोडली की दंड पडतोच. हा पाण्यात भरावा लागतो, आणि उन्हाळ्यात नेमकी तीच शिल्लक कमी असते.