कॉफीचा पेला आणि परीक्षेची रात्र

कॉफी हें पेय आपल्या घरांत चहाइतकें रुळलेलें नाहीं. म्हणूनच त्यास अद्याप थोडा मान आहे. चहा रोजचा, कॉफी पाहुण्यांची, उपासाची, दुखण्यांतून उठलेल्या माणसाची. दुधांत साखर पडून, वर जायफळाची किंचित् पूड व वेलदोडा घालून ती उकळूं लागली, कीं आज घरांत कांहीं विशेष आहे हें शेजाऱ्यांसही कळतें. आणखीही एक प्रसंग असा आहे कीं त्या वेळीं ती मुद्दाम मुलांसाठीं केली जाते. परीक्षा जवळ येतात, मुलगा पुस्तक घेऊन दिव्यापाशीं बसतो, आणि आई न मागतां पेला भरून त्याच्यापुढें ठेविते. त्या पेल्यांत माया असते, यांत शंका नाहीं. गंमत अशी कीं जायफळानें झोप येते ही आजीबाईंची समजूत, आणि कॉफीनें झोप उडते हा सर्वांचा अनुभव. दोन्ही एकाच पेल्यांत! यांतील दुसऱ्या गोष्टीचा विचार आज वाचकांसमवेत करावा असें आम्हीं योजिलें आहे.

कॉफीच्या बियांत कॅफीन नांवाचें एक कडवट, पांढरें द्रव्य असतें. १८१९ सालीं फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे या पंचविशींतील जर्मन रसायनज्ञानें तें प्रथम वेगळें काढिलें. त्याच्या हातीं कॉफीच्या बिया देऊन ‘यांत काय आहे तें पाहा’ असें सुचविणारा पुरुष म्हणजे महाकवि ग्यॉटे. पुढें १८९५ सालीं एमिल फिशर यानें हेंच द्रव्य प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें तयार केलें. चहांतही तेंच असतें. झाडास तें कशाला हवें, असें कोणी विचारील. कोंवळ्या पानांस व बियांस खाणाऱ्या किड्यांपासून तें झाडाचें रक्षण करितें. परंतु कॉफीच्या फुलांतील मधांत तें अगदीं अल्प असतें, आणि तेवढ्यानें मधमाशीस त्या फुलाच्या वासाची आठवण अधिक चांगली राहते. एकाच द्रव्यानें कोणास हांकलावें आणि कोणास बोलवावें, हें सारें मात्रेवर अवलंबून आहे. मनुष्याच्या बाबतींतही गोष्ट फारशी निराळी नाहीं.

आपण जागे असतों तोंवर मेंदूच्या पेशी सारखी शक्ति खर्च करितात, आणि त्या खर्चाबरोबर अॅडिनोसीन नांवाचें द्रव्य सांठत जातें. पेशींवर त्याच्यासाठीं ठरलेल्या जागा असतात. त्या जागीं तें जाऊन बसलें कीं पेशींचें काम मंदावतें, डोळे जड होतात, आणि आपणांस निजावेंसें वाटतें. कॅफीनची घडण या द्रव्याशीं इतकी मिळतीजुळती आहे कीं तें त्याच्या जागेवर जाऊन बसतें. निरोप मात्र देत नाहीं. शाळेच्या घंटेच्या लोलकास कोणीं फडकें गुंडाळलें, तर टोला ऐकूं येणार नाहीं. पण म्हणून वेळ थांबत नाहीं. कॅफीन थकवा नाहींसा करीत नाहीं. थकव्याची घंटा तेवढी ऐकूं येऊं देत नाहीं. फडकें सुटलें म्हणजे सांठलेली सारी झोप एकदम अंगावर येते.

शरीरावरही त्याचा अंमल चालतो. ज्यास संवय नाहीं त्याचा रक्तदाब कांहीं वेळ थोडा वाढतो, छातींत धडधडतें, हात कांपतात, लघवीस अधिक जावें लागतें. अर्ध्यापाऊण तासांत तें रक्तांत पूर्णपणें भिनतें. तेथून त्याचा निकाल लावण्याचें काम यकृताकडे येतें, आणि तें काम सावकाश चालतें. प्रौढ माणसाच्या शरीरांतून निम्में कॅफीन जाण्यास साधारणपणें ५ तास लागतात. कोणास कमी, कोणास अधिक. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतःच करून पाहावें. गाळून केलेल्या कॉफीच्या मोठ्या पेल्यांत सुमारें १०० मिलिग्रॅम कॅफीन धरूं. रात्रीं ९ वाजतां तो घेतला, तर २ वाजतां ५० मिलिग्रॅम शिल्लक, आणि सकाळीं ७ वाजतां, परीक्षेस निघावयाच्या वेळीं, अद्याप २५ शिल्लक! अमेरिकेंत २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निजण्यापूर्वीं ६ तास ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलें, तरी त्या माणसांची झोप १ तासाहून अधिक घटली.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका मुलानें आम्हांस विचारलें, “सर, रात्रभर जागायचं तर किती कप लागतात?” मुलगा कष्टाळू, पण पहिल्या तासास त्याचे डोळे मिटत. आम्हीं कारण विचारलें. तो म्हणाला, “वडील रात्रपाळीहून २ वाजतां येतात. त्यांना दिवा जळतांना दिसला पाहिजे.” आम्ही कांहीं बोललों नाहीं, परंतु पुढल्या रविवारीं त्याच्या घरीं जाऊन वडिलांची भेट घेतली. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि मुलाकडे न पाहतांच म्हटलें, “मास्तर, मी पोटासाठीं रात्र जागतों. त्याला जागावी लागूं नये म्हणून तर शाळेंत घातला.” त्या दिवसापासून त्या घरांतला दिवा १० वाजतां मालवूं लागला, व मुलगा पहांटे ५ वाजतां उठूं लागला. दिवसा जें वाचिलें तें मनांत पक्कें बसविण्याचें काम मेंदू झोपेंतच करीत असतो. जो झोप मोडून वाचतो, तो पेरलेलें बीं मातीखालीं जाण्यापूर्वींच उकरून पाहतो.

संवयीचा प्रकार पाहावा म्हणून आम्हीं स्वतः एकदां मे महिन्याच्या सुटींत आमची सकाळची कॉफी दहा दिवस बंद ठेविली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशीं कपाळ असें ठणकूं लागलें कीं वर्तमानपत्रही वाचवेना. आठवडा संपतां संपतां मात्र सर्व पूर्ववत् झालें. कॅफीनमुळें मेंदूंतील रक्तवाहिन्या आकुंचित होतात. तें थांबलें कीं त्या पुन्हां रुंदावतात, आणि डोकें दुखूं लागतें. एका लहानशा पेल्याचीही शरीर अशी नोंद ठेवितें, हें पाहून आम्हांस मोठें नवल वाटलें.

यावरून कॉफी वाईट, असें मात्र कोणीं समजूं नये. अकालीं जन्मलेल्या अर्भकांचा श्वास मधूनच अडतो, तेव्हां डॉक्टर त्यांस औषध म्हणून कॅफीनच देतात. निरोगी प्रौढांनीं दिवसास ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेण्यास चिंतेचें कारण नाहीं, असें युरोपांतील अन्नसुरक्षेच्या तज्ज्ञांनीं २०१५ सालीं ठरविलें. मुलांकरितां मात्र वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागें ३ मिलिग्रॅम एवढेंच प्रमाण त्यांनीं धरिलें. म्हणजे ४० किलोंच्या मुलास दिवसभरांत १२०. हल्लीं डब्यांतून मिळणाऱ्या उत्तेजक पेयाच्या २५० मिलिलिटरच्या एका डब्यांतच सुमारें ८० मिलिग्रॅम असतें; मग त्यावर घरचा चहा व कॉफी आलीच. हा हिशेब मुलांनीं व पालकांनीं एकत्र बसून करावा.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं मुलाचा अभ्यास दिव्याच्या जळण्यावरून मोजूं नये. कॉफी अवश्य द्यावी. पण ती सकाळीं, न्याहारीबरोबर, लहान पेल्यांतून द्यावी. रात्रीं दहा वाजतां त्याच्या हातांतलें पुस्तक घ्यावें, अंगावर पांघरूण घालावें आणि म्हणावें, “पुरे झालें आतां, नीज.” परीक्षेच्या दिवसांत आईबापांनीं देण्याजोगी याहून मोलाची वस्तु आम्हांस तरी ठाऊक नाहीं.