समूहांतील एक स्वर

नाताळच्या उपासनेंत एकट्यानें गावयास न मिळाल्यामुळें मी आमच्या शाळेच्या गायकवृंदावर रुसलों होतों. पुढें लुचानो पावारोत्ती यांची हकीकत वाचनांत आली आणि माझी मलाच लाज वाटली. १९५५ सालीं इटलींतील मोदेना शहराच्या गायकवृंदाबरोबर ते वेल्समधील लँगॉलेनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेस गेले. वय अवघें १९ वर्षांचें. त्याच वृंदांत पाव भाजण्याचा धंदा करणारे त्यांचे वडीलही गात होते. त्या वृंदास पहिलें पारितोषिक मिळालें. पुढें जगानें ज्या कंठास डोक्यावर घेतलें, तो त्या दिवशीं इतरांच्या स्वरांत मिसळून गेला होता. कीर्तिशिखरावर पोहोंचल्यावर, १९९५ सालीं, ते तेथें पुन्हां जाऊन गायले.

आतां सरावाच्या वेळीं मी प्रथम शेजाऱ्याचा स्वर ऐकतों. मग आपला लावतों.